कडुलिंबाखालचं लोखंड

काळ्या ऑइलपेंटचा वास आला की माझं डोकं फिरतं. परवा आमच्या सोसायटीत जिन्याचं रेलिंग रंगवायला घेतलं, तर मी त्या रंगाऱ्यावर असा काही आवाज चढवला की तो डबा टाकून दोन पायऱ्या खाली उतरला. त्याची काहीच चूक नव्हती. माझा राग नाकावर असतो, हे मी ज्या शाळेत गणित शिकवते तिथली पोरंसुद्धा सांगतील. पण या रागाला कारण आहे, आणि ते कारण नामपूरच्या अलीकडे एका हिरवळीवर पांढऱ्या चौथऱ्यावर ठेवलेलं आहे.

तिथे एक जुना लोखंडाचा कारखाना आहे. इंग्रजांच्या काळात सुरू झाला आणि माझ्या कॉलेजच्या दिवसांत बंद पडला. उसाचे चरक, मोटेची चाकं, नांगराचे फाळ असं सगळं तिथे ओतलं जायचं. आमच्या बागलाणात एके काळी ज्याच्या शेतात ऊस, त्याच्या गुऱ्हाळात या कारखान्याचा चरक असायचाच. माझे वडील तिथे साचे भरायचे. म्हणजे काळी ओलसर वाळू लाकडी चौकटीत ठोकून बसवायची, तिच्यात चाकाचा नाही तर फाळाचा आकार उमटवायचा, आणि त्या पोकळीत भट्टीतलं वितळलेलं लोखंड ओतायचं. ते लोखंड आणायला लांब दांड्याची एक मोठी बादली असायची. तिला तिथे सगळे लॅडल म्हणत. दोघांनी दोन बाजूंनी धरून ती सांभाळत आणायची.

मी बालवाडीत होते तेव्हा एका दुपारी त्या लॅडलचा दांडा मोडला. लोखंड जमिनीवर पसरलं. वडिलांना मागे सरायला जागा नव्हती, कारण मागे त्यांनीच सकाळपासून भरलेले साचे होते. त्यांना ओढून काढलं ते अर्धवटच. गुडघ्यांखालचं जे काही होतं ते त्या लोखंडात राहिलं आणि लोखंड थंड झालं. आईने ज्यांना अग्नी द्यायला पाठवलं ते पाय नसलेले वडील होते. हे मी इतकं सरळ लिहू शकते आहे, कारण लहानपणापासून मी ते इतकंच सरळ ऐकलं आहे. आईने कधी त्यावर पांघरूण घातलं नाही.

ओतताना सांडलेलं लोखंड वाया घालवायचं नाही, अशी तिथली रीत होती. दुसऱ्या दिवशी घणाने फोडायचं आणि परत भट्टीत टाकायचं. त्या दिवशी मात्र कुणी घण उचलला नाही. सगळ्यांत वयस्क मिस्त्रींनी मालकांना सांगितलं, हे लोखंड आता भट्टीत जाणार नाही. मालक काही देवमाणूस नव्हते. कामगार पाच मिनिटं उशिरा आला तरी त्यांच्या कपाळावर आठ्या पडत. पण त्या दिवशी त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि एवढंच विचारलं, की कुठे ठेवू या. मग सगळ्यांनी साखळ्या लावून तो गोळा आवाराच्या कडेला कडुलिंबाखाली नेला आणि पुरला. फक्त वरचा ताटाएवढा भाग उघडा ठेवला. वर नाव घातलं नाही, कारण नाव घालायची कुणाला गरजच वाटली नाही.

पुढे तो कारखाना चालू होता तोवर भट्टी पेटवण्याआधी प्रत्येक जण तिथे वाकून हात लावायचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सगळीकडे हत्यारं-अवजारं पुजतात. तिथेही पुजत, पण पहिला नारळ कडुलिंबाखाली फुटायचा. आणि आई त्या उघड्या भागाला तेल लावायची. लोखंडाला वर्षाचं तेल पाहिजे, नाही तर ते गंजतं, असं तिचं म्हणणं. पदर खोचून मांडी घालून बसायची, तळहाताने तेल चोळायची आणि चोळता चोळता वडिलांना घरच्या बातम्या सांगायची. पोरगी दहावी झाली. तुमच्या बहिणीचे गुडघे धरलेत. यंदा कांद्याला भाव बरा हाय. मी पाच वर्षांची होते तेव्हापासून तिच्या शेजारी बसून हे ऐकत आले. मला वडिलांचा चेहरा आठवत नाही. माझ्यासाठी वडील म्हणजे तो ताटाएवढा काळा तुकतुकीत भाग, आणि उन्हाने तापला की त्याला येणारा तेलाचा वास.

कारखाना बंद पडल्यावरही हे थांबलं नाही. मी नाशिकला नोकरीला लागले, आई माझ्याकडे राहायला आली, तरी खंडेनवमीला आम्ही जायचोच. आधी एसटीने जायचो, मग गाडीने. तिथला वॉचमन कुलूप काढून द्यायचा आणि लांब जाऊन बिडी ओढत बसायचा. दोन-तीन वर्षांपूर्वी मालकांचा नातू परदेशातून परत आला आणि त्याने कारखाना जसा होता तसा उभा करायचं मनावर घेतलं. मला खोटं बोलायचं नाही. आम्हाला आनंद झाला होता. पत्रे उडाले होते, भट्टीच्या विटा लोक घरं बांधायला नेत होते. आई तर म्हणाली, चांगल्या घरचा पोरगा हाय, आज्यावर गेला.

त्याची माणसं आमच्या घरी आली. एक मुलगा कॅमेरा घेऊन आणि एक मुलगी छोटासा रेकॉर्डर घेऊन. जुन्या कामगारांच्या घरच्यांच्या आठवणी नोंदवतोय म्हणाले. आईने त्यांना अख्खी दुपार दिली. सगळं सांगितलं, दांडा मोडला तिथपासून मिस्त्रींपर्यंत आणि मालकांच्या टोपीपर्यंत. आणि शेवटी त्या मुलीचा हात धरून म्हणाली, "कडुलिंबाखाली खोदू नका बरं माय. तिथं आमचं लोखंड हाय." मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते, मी माझ्या कानांनी ऐकलं. त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दुसऱ्याच्या डोळ्यांतल्या पाण्याचा मी आता फारसा हिशोब धरत नाही.

काम चालू असताना आत सोडत नव्हते, त्यामुळे लागोपाठ दोन खंडेनवम्या आमच्या चुकल्या. आईला ते फार लागलं. "दोन वर्सं तेल नही," ती अधूनमधून म्हणायची, जसं एखादी म्हणेल की पोरगं उपाशी आहे. म्हणून या वर्षी निमंत्रण आलं तेव्हा तिने ते देव्हाऱ्यात ठेवलं. कामगार कुटुंबांचा सन्मान, आणि दिवस नेमका खंडेनवमीचा. मला वाटलं, मुद्दाम निवडला असेल. आईने तिळाच्या तेलाची बाटली पिशवीत घातली, हळदीकुंकवाची पुडी घातली, आणि सकाळी मी उठायच्या आत नऊवारी नेसून सोफ्यावर बसली होती.

नाशिकमधल्याच द्वारका चौकात नेहमीसारखे अडकलो. पुढे पिंपळगाव, देवळा, सटाणा. सटाण्याच्या पुढे कांद्याच्या ट्रॅक्टरमागे रांगत जावं लागलं, तर आई म्हणाली, घाई नको करू, तुझ्या बापाले सवय शे वाट बघायची. बागलाणाची हद्द लागली की आईची बोली बदलते. नाशिकमध्ये ती शेजारणींशी बरीचशी शहरी बोलते, पण सटाणा मागे पडलं की मधूनमधून 'हाय'चं 'शे' होतं. तेवढा एक तास ती मला माझ्यापेक्षा लहान वाटते.

कारखान्याच्या दारात झेंडूची तोरणं होती आणि फेटे बांधलेली मुलं गुलाबपाणी शिंपडत होती. आत शिरल्याबरोबर मी आधी चाट पडले. काम खरंच चांगलं केलं होतं. कौलं नवी होती, लाकडी खांब घासून पुसून तेलपाणी केलेले, भट्टीची वीट न् वीट सांधलेली. भट्टीच्या पोटात लाल दिवे लावले होते, म्हणजे ती पेटली आहे असं वाटावं. डाव्या हाताला जिथे साचे भरायचे त्या लांब शेडमध्ये आता उपाहारगृह होतं. तिथे एका टेबलावर वेटर काहीतरी ठेवत होता. लोखंडाची इवलीशी लॅडल, हुबेहूब, लांब दांडा आणि सगळं. तिच्यातून तो केकवर गरम चॉकलेट ओतत होता आणि टेबलाभोवतीची मंडळी टाळ्या वाजवत होती.

मी आईकडे पाहिलं. तिचं लक्ष नव्हतं. तिला कडुलिंबाकडे जायची घाई होती. मी तिचा दंड धरून तिला दुसऱ्या वाटेने वळवलं आणि तोंडातल्या तोंडात जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण वाट प्रदर्शनातूनच जात होती. भिंतीवर जुने फोटो आणि खाली टांगलेले हेडफोन. एका फोटोखाली 'कामगारांच्या घरून' असं लिहिलं होतं. तिथे उभ्या असलेल्या मुलीने आम्हाला ओळखलं. तीच ती, रेकॉर्डर घेऊन आलेली. "आजी! तुमचा आवाज ऐका ना," म्हणत तिने हेडफोन आईच्या कानांवर चढवले. आई थोडा वेळ ऐकत राहिली. मग तिने हेडफोन काढून माझ्या हातात दिले. मी लावले. सनईचं मंद संगीत, आणि त्यावर माझ्या आईचा आवाज. "तिथं आमचं लोखंड हाय. तिथं आमचं लोखंड हाय." पुन्हा सनई. पुन्हा तेच.

"बाकीचं कुठे गेलं?" मी विचारलं.

"बाकीचं म्हणजे?"

"'खोदू नका' कुठे गेलं? दांडा मोडला ते कुठे गेलं? माझे वडील कुठे गेले?"

ती गोंधळली. म्हणाली, "मॅम, अपघाताचा भाग आम्ही घेतला नाही. इथे लहान मुलं येतात, शाळांच्या सहली येतात. सरांचं म्हणणं होतं की लोकांनी इथून काहीतरी छान घेऊन जावं."

छान. हा शब्द त्या दिवसापासून मी वर्गात वापरणं सोडलं आहे. मी काही बोलणार एवढ्यात आई तिथून निघाली होती. मागच्या दारातून ती बाहेर पडली आणि मी तिच्या मागे धावले.

कडुलिंब जागेवर होता. त्याच्या फांद्यांतून बारीक दिव्यांच्या माळा सोडल्या होत्या. खाली सगळी हिरवळ, कापून गालिच्यासारखी केलेली. आई झाडाखाली जाऊन उभी राहिली आणि पायाने चाचपू लागली. इकडे, तिकडे. मग वाकून हाताने. मला आधी कळलंच नाही ती काय शोधते आहे. कळलं तेव्हा मी वळून सगळ्या हिरवळीवर नजर फिरवली.

ते झाडाखाली नव्हतं. ते हिरवळीच्या मधोमध होतं. पांढऱ्या चौथऱ्यावर, पूर्ण, आम्ही जन्मात पाहिलं नव्हतं तेवढं. आम्हाला फक्त ताटाएवढं माहीत होतं. मातीखालचं केवढं तरी होतं, वेडंवाकडं, ओघळ थिजलेलं. त्यावर काळा चकचकीत ऑइलपेंट मारला होता आणि शेजारी पितळी पाटी. 'लोहशिल्प. ओतकामातला मुक्त आकार.' एक तरुण जोडपं तिथे फोटो काढत होतं. मुलगी त्याच्यावर बसली होती, एक पाय वर घेऊन, आणि मुलगा तिला हनुवटी थोडी वर कर म्हणून सांगत होता.

मी ओरडणारच होते. पण आई माझ्या आधी पोचली. तिने त्या मुलीच्या खांद्याला हात लावला, अगदी हळू, आणि म्हणाली, "उठ माय. तठे माणूस शे."

मुलीला काही समजलं नाही. पण आईच्या तोंडाकडे बघून ती उठली, साडी सावरली, आणि सॉरी म्हणून नवऱ्याला घेऊन निघून गेली. तिच्यावर मला राग नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्यांना सांगितलं होतं, आमच्या घरी बसून आमचा चहा पिऊन ज्यांनी ऐकलं होतं, त्यांच्यावर आहे आणि मरेपर्यंत राहील.

नातू आला. कुणीतरी त्याला बोलावलं असणार. गोरागोमटा, नम्र, आजोबांचेच कान. त्याने आईच्या पायांना हात लावला, आणि तिथेच माझा तोल गेला. मी म्हटलं, पाय नंतर धरा, आधी ज्याचे पाय इथे आहेत त्याला खाली ठेवा. माझा आवाज एवढा चढला की उपाहारगृहातले लोक दारात येऊन उभे राहिले. राहू देत म्हटलं. मी सगळं बोलले. दांडा, साचे, मिस्त्री, सगळं, जे त्यांनी सनईखाली गाडलं होतं ते. तुमच्या आजोबांना कळलं होतं, तुम्हाला कळूनही कळलं नाही, म्हटलं.

त्याने माझं बोलणं संपू दिलं. मग म्हणाला, "मॅडम, आम्ही त्याचा अनादर नाही केला. उलट जमिनीतून वर आणून सन्मानाने ठेवलंय. एवढा सुंदर पीस मातीत कशाला?"

"पीस?" मी म्हटलं.

"आपण पाटी बदलू. त्यावर त्यांचं नाव घालू. आजी, चालेल ना?"

आईने नकारार्थी मान हलवली. "नाव नको. परत ठेव."

त्याने मग समजावायला घेतलं. क्रेन परत मागवावी लागेल. हिरवळ खराब होईल, खालून पाण्याचे पाइप गेलेत. पर्यटनाचा सीझन आहे. दिवाळीनंतर बघू, नक्की बघू. लहान मुलाला खेळण्याच्या दुकानातून बाहेर काढताना बोलतात तसं तो माझ्या आईशी बोलत होता. फोन वाजला तेव्हा तो एक मिनिट म्हणून बाजूला झाला आणि त्या एका मिनिटात सुटल्याचा आनंद मला त्याच्या पाठीवर दिसला.

आईने वाद घातला नाही. तिने चपला काढल्या, पदर खोचला आणि चौथऱ्यापाशी हिरवळीवर मांडी घातली. पिशवीतून बाटली काढली, तळहातावर तेल घेतलं आणि लोखंडाला लावलं. तेल थांबेना. पेंटवरून ते सरळ घसरून खाली आलं आणि पांढऱ्या चौथऱ्यावर त्याचा पिवळा ओघळ झाला. तिने पुन्हा घेतलं, पुन्हा चोळलं. पुन्हा ओघळ. मी आयुष्यभर तिला तेल चोळताना पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी ती बोलत असायची. त्या दिवशी ती काहीच बोलत नव्हती. नुसती चोळत होती आणि तेल नुसतं वाहत होतं. बाटली अर्धी झाली.

"जात नही आत," ती शेवटी म्हणाली. मला नाही, स्वतःलाच.

माझ्या हातात गाडीची किल्ली होती. मी तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसले आणि खरवडायला लागले. ऑइलपेंट जाड होता, दोन-तीन हात मारलेले असणार. आधी नुसते पांढुरके चरे उठले. मग एक पापुद्रा सुटला, मग दुसरा. नखांत रंग गेला, एक नख उलटलं. मागे शिट्टी वाजली. सिक्युरिटीवाला धावत आला आणि त्याच्या मागे नातू, फोन कानालाच.

"मॅडम, हे काय करताय? ही हेरिटेज प्रॉपर्टी आहे!"

"होय," मी म्हटलं, "आमची."

आणि खरवडत राहिले. सिक्युरिटीवाल्याने हात पुढे केला आणि आईकडे बघून मागे घेतला. नातू काहीतरी कायद्याचं बोलत होता. माझं लक्ष नव्हतं. मी पन्नाशी उलटलेली बाई, शाळेत पोरांना बाकावर कोरू नका म्हणून ओरडणारी, भर दुपारी पन्नास लोकांसमोर किल्लीने लोखंड खरवडत होते. लाज वाटायला हवी होती. मला तेव्हाही वाटली नाही आणि आताही वाटत नाही.

ताटाएवढं नाही जमलं. बशीएवढं जमलं. रंगाखालून करडं, खरखरीत लोखंड निघालं, दोन वर्षांच्या कोरडेपणाने जागोजागी तांबूस झालेलं. मी बाजूला झाले. आईने बाटलीत उरलेलं तेल हातावर घेतलं आणि तिथे लावलं. या वेळी ओघळ आला नाही. लोखंडाने ते आत घेतलं, करड्याचं काळं झालं, आणि तो माझ्या ओळखीचा वास आला.

आईने त्यावर तळहात ठेवला. मला वाटलं ती आता बातम्या सांगेल, दोन वर्षांच्या साठल्या होत्या. माझी बदली, आत्याचं जाणं, कितीतरी. मागे नातू अजून बोलत होता आणि हेडफोनच्या खोलीचं दार उघडलं की सनई ऐकू येत होती. आई खाली वाकली, अगदी जवळ, आणि तिने वडिलांना एवढंच सांगितलं.

"उठवलं ना यांनी तुम्हाला. झोपा. आम्ही हाय इथंच बसून."

आणि ती उठली नाही. लोक जेवले, सन्मानाच्या शाली वाटून झाल्या, आमचं नाव पुकारलं गेलं तेही आम्ही ऐकलं. आई बसून राहिली आणि मी तिच्या शेजारी, किल्ली मुठीत धरून.